नॅस्कार हा खेळ आहे का? एका टायरवाल्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: नॅस्कारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोटारशर्यतींत, चाळीसेक गाड्या तीन-चार तास नुसत्या डावीकडे वळत गोल फिरतात. पळतं ते इंजिन, माणूस आत बसलेला. मग याला खेळ कसं म्हणायचं, आणि ड्रायव्हरला खेळाडू कसं?

हे उत्तर कुठून येतंय ते आधी सांगतो. मी कोल्हापूरचा. अठरा वर्षं झाली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात, शार्लट शहराच्या उत्तरेला राहतो. नॅस्कारच्या बहुतेक टीमची गॅरेजं याच टापूत आहेत. मूर्सव्हिल गावाने तर स्वतःला ‘रेस सिटी’ असं नावच लावून घेतलंय. माझं काम टायरचं. कुठल्या चाकात किती हवा, कुठलं टायर किती तापलं, कुठल्या कडेने झिजलं, हे बघायचं आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते सांगायचं. तेही सगळ्यात वरच्या कप मालिकेत नव्हे, त्याखालच्या मालिकांतल्या लहान टीमसाठी. आईला हे काम मी एकदा तासभर समजावून सांगितलं. नंतर ती शेजारणीला म्हणाली, "पंक्चर काढतो तिकडे." फार चुकलेली नव्हती.

तर, हो. माझ्या मते हा खेळ आहे. पण हा खेळ आहे हे पटवायला लोक जी कारणं देतात, त्यातली बरीचशी मला पटत नाहीत.

सगळ्यात आवडतं कारण घामाचं. गाडीच्या आत पारा पन्नास अंशांच्या वर जातो, अंगावर आग न धरणारा जाड सूट, डोक्यावर हेल्मेट, आणि मध्यंतर नावाचा प्रकार नाही. शार्लटची मे महिन्यातली शर्यत 600 मैलांची असते, म्हणजे जवळपास 965 किलोमीटर. उन्हाळ्यातल्या शर्यतीत ड्रायव्हरचं वजन दोन-तीन किलोंनी उतरतं, नाडी तासन् तास वर राहते. हे सगळं खरं आहे, मी शर्यत संपल्यावर ड्रायव्हरला गाडीला टेकून जमिनीवर बसलेलं पाहिलंय. पण घाम हा पुरावा धरला तर आमच्याकडे गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस पहिल्या नंबरचा खेळाडू ठरेल. आणि राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे? 2024 मध्ये पॅरिसला त्याने 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, ते अंग जास्तीत जास्त स्थिर ठेवून. त्याला खेळाडू म्हणताना कोल्हापुरात कुणी त्याचा घाम मोजला नाही.

2013 मध्ये डॉनोव्हन मॅकनॅब या माजी अमेरिकन फुटबॉलपटूने टीव्हीवर म्हटलं की जिमी जॉन्सन काही खेळाडू नव्हे, तो गाडी चालवतो. जॉन्सनच्या नावावर सात विजेतेपदं आहेत, आणि 2009 साली असोसिएटेड प्रेसने त्याला वर्षातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू निवडलं होतं, ड्रायव्हरला तो मान पहिल्यांदाच मिळाला. मग 2019 मध्ये हा गडी बोस्टन मॅरेथॉन 3 तास 9 मिनिटं 7 सेकंदांत पळाला. नॅस्कारचे चाहते हे उदाहरण अजून तोंडावर फेकतात. मला ते उत्तर वाटत नाही. त्यातून जॉन्सन चांगला पळतो एवढंच सिद्ध झालं. गाडी चालवणं हा खेळ आहे का, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

दुसरं आवडतं कारण धोक्याचं. त्यावर खाली दोन शब्द लिहितो, पण धोका विहिरीत उतरणाऱ्यालाही असतो.

मग माझं कारण काय? टायर.

नीट सांगायला हवं, कारण ‘नुसतं डावीकडे वळतात’ हे वाक्य बोलणाऱ्याने वळण म्हणून आपल्या घाटातलं वळण डोळ्यांपुढे आणलेलं असतं. तिथे आपण टायरच्या पकडीचा थोडासा भाग वापरतो, बाकीची शिल्लक असते. शर्यतीत शिल्लक ठेवली की मागे पडलात. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेक दाबलात, काही रक्कम तिथे गेली. उरलेल्यात वळायचं. वळणात जितका खर्च, तितका बाहेर पडताना इंजिनाचा जोर जमिनीवर टाकायला कमी. एका वळणात हा हिशेब तीन वेळा होतो, आणि कागदावर नाही, कमरेखालच्या सीटमधून जे कळतं त्यावर होतो.

हिशेब पुढून चुकला तर स्टेअरिंग फिरवूनही नाक वळत नाही, गाडी सरळ भिंतीकडे निघते. याला आम्ही ‘टाइट’ म्हणतो. मागून चुकला तर शेपूट बाहेर पडतं, ती ‘लूज’. जलद गाडी ही नेहमी लूज होण्याच्या अगदी अलीकडे असते. नवख्याला अशी गाडी दिली तर तो दुसऱ्या फेरीत भिंतीत असेल. मुरलेला ड्रायव्हर ती पाचशे फेऱ्या तशीच त्या कडेवर धरून ठेवतो. टेनेसीतल्या ब्रिस्टलला ट्रॅक अर्ध्या मैलाहून जेमतेम मोठा, फेरी पंधरा-सोळा सेकंदांची, फेऱ्या 500, दोन्ही टोकं एकेक वळण धरली तर वळणं 1000. आणि आजूबाजूला छत्तीस-सदतीस जण तेच करतायत, हातभर अंतरावरून.

वर ट्रॅक स्वतःही एकसारखा नसतो. साउथ कॅरोलिनातलं डार्लिंग्टन घ्या. 1950 मध्ये तो बांधताना जागामालकाने अट घातली की माझ्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून एक टोक आखूड करावं लागलं आणि ट्रॅक अंड्याच्या आकाराचा झाला. आता गंमत बघा: एका टोकाला गाडी जमवली की दुसऱ्या टोकाला ती बिघडते. दोन्हीकडे चांगली अशी गाडी तिथे होतच नाही. कुठल्या टोकाला किती सोसायचं हे ड्रायव्हर आणि क्रू चीफ, म्हणजे गाडीच्या टीमचा मुख्य माणूस, मिळून ठरवतात. शर्यत संपेपर्यंत बहुतेक गाड्यांची उजवी बाजू भिंतीला घासून सोललेली असते, त्याला ‘डार्लिंग्टनचा पट्टा’ म्हणतात. जलद जाण्याची जागा भिंतीपासून चार बोटांवर आहे, म्हणून. तिथला रस्ता टायर खातो. नव्या टायरवर निघालेली गाडी वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर त्याच ट्रॅकवर चांगली हळू झालेली असते. ज्याने पहिल्या पाच फेऱ्यांत सगळा पगार उडवला त्याला बाकीचे लोक शेवटच्या पाचांत गाठतात. टीव्हीवर हे दिसत नाही. टीव्हीवर गाड्या गोल फिरताना दिसतात.

जाता जाता, गाडी डावीकडे वळावी म्हणून काय काय करतात त्यातली एक साधी गोष्ट. स्टीलचा पेला, वर रुंद आणि बुडाला निमुळता, जमिनीवर आडवा करून ढकला. सरळ जात नाही, गोल फिरतो. ओव्हलवरच्या, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या, गाड्यांत मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा थोडा मोठा ठेवतात, तेच तत्त्व. किती मोठा हे ठरवणं माझ्यासारख्याचं काम. जास्त झाला की वळणात लूज, कमी झाला की टाइट, आणि हवा दोन पौंडांनी चढली तरी घेर बदलतो.

यावरून माझीच एक चूक सांगतो. टीमचं नाव नको.

सरावाचं सत्र होतं. ड्रायव्हर दोन फेऱ्या मारून रेडिओवर म्हणाला, मागचं उजवं टायर माझं नाही. म्हणजे काय, विचारलं, तर म्हणाला, वळणात शिरताना ते अर्धा क्षण उशिरा जागं होतंय. मी वही बघितली. आकडे बरोबर होते. क्रू चीफला सांगितलं की टायर ठीक आहे. त्याने ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर आणखी तीन फेऱ्या मारून आला, हेल्मेट काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, परत मोज. मोजलं. अडीच पौंड कमी. मी सकाळी दुसऱ्याच्या मोजणीयंत्राने हवा बघितली होती, ते यंत्र जास्त दाखवत होतं. वहीतला आकडा चुकीचा आणि त्या माणसाची पाठ बरोबर.

आपल्याकडे पेट्रोल पंपावर पोरगा हवा भरतो, पुढे तीस, मागे बत्तीस, आणि दोन-तीन पौंड इकडेतिकडे झाले तर आपल्यापैकी कुणालाच कळत नाही. हा माणूस टनभरापेक्षा कितीतरी जड गाडीत, कानात इंजिन घोंगावत असताना, एका चाकातले अडीच पौंड दोन फेऱ्यांत ओळखतो, आणि ते नुसतं ओळखून थांबत नाही, तीन फेऱ्या त्याच गाडीला भिंतीपासून वाचवत चालवतो. तालमीत वस्ताद पोराच्या खांद्याला हात लावून सांगतात ना, आज हा डाव्या पायावर भार देत नाहीये. तसलं ते ज्ञान आहे. अंगात मुरलेलं, सांगून न येणारं, रोज घासून मिळालेलं. खेळ म्हणजे आणखी काय, मला ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, हे कारागिरी झालं. चांगला ट्रक ड्रायव्हरही गाडी ओळखतो. मान्य. फरक एवढाच की ट्रकवाल्याशी त्याच क्षणी छत्तीस जण स्पर्धा करत नसतात आणि त्याचा निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागात लागत नाही. 2024 च्या मेमध्ये कॅन्ससला काइल लार्सन क्रिस ब्यूशरच्या पुढे 0.001 सेकंदाने आला. त्या शर्यतीत दोघांनी 400 मैलांहून जास्त अंतर कापलं होतं.

गाडीचं श्रेय आणि माणसाचं श्रेय वेगळं कसं करायचं, हा खरा अवघड प्रश्न. फॉर्म्युला वनचे चाहते इथे नाक मुरडतात, आणि मला हसू येतं, कारण गाडीचा फरक जास्त पडतो तो त्यांच्याकडेच. नॅस्कारमध्ये 2022 पासून जी ‘नेक्स्ट जेन’ गाडी आली, तिचे बहुतेक मोठे भाग ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, टायर सगळ्यांना गुडइयरचे. त्या पहिल्या वर्षी 19 वेगवेगळे ड्रायव्हर शर्यती जिंकले. नावात ‘स्टॉक’ उरलंय ते आठवण म्हणून. 1949 च्या जूनमध्ये शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर पहिली शर्यत झाली तेव्हा खरोखर दुकानातून आणलेल्या गाड्या धावल्या होत्या. त्यात पहिला आलेला ग्लेन डनवे बाद झाला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांना जादा ताकद दिलेली निघाली. चोरटी दारू वाहायच्या गाड्यांना तसं करायची इकडे पद्धत होती. विजय जिम रोपरला मिळाला. म्हणजे या खेळाच्या पहिल्याच दिवशी पंच होते, नियम होता, नियम मोडणारा होता आणि त्याला बाहेर काढणारेही होते.

गाडी सारखी केली की माणूस दिसतो, याचा पुरावा मला बाहेरून आलेल्या ड्रायव्हरांत मिळतो. हुआन पाब्लो मोंटोया फॉर्म्युला वनमध्ये शर्यती जिंकून 2007 मध्ये इकडे पूर्ण वेळ आला. सात मोसम काढले. कपच्या दोनच शर्यती जिंकला, दोन्ही डाव्या-उजव्या वळणांच्या रोड कोर्सवर. ओव्हलवर एकही नाही. उलट न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन 2023 च्या जुलैमध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पहिल्याच कप शर्यतीत जिंकला. पदार्पणात जिंकणारा साठ वर्षांत पहिला. मग ओव्हलवर पूर्ण वेळ धावू लागल्यावर हाच माणूस मधल्या-मागच्या घोळक्यात दिसू लागला. ‘नुसतं डावीकडे वळणं’ एवढं सोपं असतं तर या दोघांना ते एका दुपारी जमायला हवं होतं.

आपला नारायण कार्तिकेयनही इकडे येऊन गेला, हे फार कमी लोकांना माहीत असतं. 2010 मध्ये तो नॅस्कारच्या पिकअप ट्रकच्या मालिकेत धावला, पहिलीच शर्यत व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलला. कागदाच्या क्लिपच्या आकाराचा ट्रॅक, दोन लांब सरळ पट्टे आणि टोकाला कचकन ब्रेक मारून वळायचं. तो तेरावा आला. नवख्यासाठी हे उत्तमच होतं. त्या वर्षी चाहत्यांनी मतं देऊन त्याला ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हरही केलं. मतदानात भारतातल्या लोकांनी किती जोर लावला असेल याची कल्पना तुम्हीच करा.

आता पिटमधली, म्हणजे शर्यतीत मध्येच थांबून टायर-पेट्रोल घेतात त्या जागेतली, माणसं. ही बाजू विचारणाऱ्याच्या प्रश्नात नव्हतीच, पण खेळाडू कोण असा विषय निघाला की मी आधी त्यांच्याकडे बोट दाखवतो. गाडी थांबते, पाच जण भिंतीवरून उडी मारतात. एक जॅक घेऊन, एक टायर वाहणारा, दोन नट काढणारे-आवळणारे, एक पेट्रोलचा डबा खांद्यावर घेतलेला. एकेक चाक वीस-बावीस किलोंचं. कपमध्ये चारही चाकं बदलून गाडी दहा सेकंदांच्या आसपास निघते, उत्तम जमलं तर त्याआधीच. नेक्स्ट जेन गाडीत चाकाला मधोमध एकच नट आहे, पूर्वी पाच असायचे. लोकांना वाटलं काम सोपं झालं. झालं उलटं, पूर्वी पाचांतला एखादा नट ढिला राहिला तरी भागायचं, आता एक चुकला की चाकच रस्त्यावर. जॅकवाला गाडीच्या उजव्या बाजूला धावत जातो, एका दणक्यात गाडी उचलतो, तीही शेजारच्या पिटमध्ये दुसरी गाडी शिरत असताना. हे काम करायला टीम आता गॅरेजमधला मेकॅनिक घेत नाहीत, कॉलेजात फुटबॉल-बास्केटबॉल खेळलेली पोरं निवडून आणतात. ब्रेहाना डॅनियल्स नॉरफोक स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून आली आणि कप शर्यतीत चाकं बदलू लागली. या लोकांचे प्रशिक्षक वेगळे, व्यायामशाळा वेगळी, थांबण्याच्या प्रत्येक सरावाचं चित्रीकरण होतं आणि पाय कुठे पडला हे बघितलं जातं. कबड्डीत चढाईवाल्याचा पाय बघतात तसा.

एकदा हौसेने मीही बसलो. इकडे ‘लेजंड’ नावाच्या छोट्या गाड्या मिळतात, मोटारसायकलचं इंजिन, वर जुन्या गाडीचं टरफल. शार्लटच्या मोठ्या ट्रॅकच्या समोरच्या पट्ट्यावर पाव मैलाचा छोटा ओव्हल आहे, तिथे उन्हाळ्यात त्यांच्या शर्यती होतात. तेव्हा मी चौतीस वर्षांचा, रोज टायरचे आकडे बघणारा, सिद्धांत सगळा पाठ. मोकळ्या सरावात तेरा-चौदा वर्षांचा एक पोरगा माझ्या आतून निघून गेला, पुढच्या फेरीत बाहेरून. वजनाचं कारण सांगायची सोय नव्हती, कारण गाडीचं किमान वजन ड्रायव्हरसकट धरतात. सिद्धांतानुसार कुठे ब्रेक सोडायचा हे मला माहीत होतं. पाय ऐकत नव्हता. मेंदू सांगायचा अजून थांब, पाय म्हणायचा भिंत आली. पंचवीस फेऱ्यांची शर्यत मी शेवटून दुसरा संपवली, बोटं स्टेअरिंगवरून एकेक करून सोडवावी लागली, आणि शेवटून पहिला जो होता त्याचं इंजिन बंद पडलं होतं.

त्या दिवसापासून ड्रायव्हर रेडिओवर चिडला की मी उत्तर देत नाही.

धोक्याबद्दल थोडक्यात. 2000 साली मे आणि जुलैत न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकवर अॅडम पेटी आणि केनी अर्विन हे ड्रायव्हर दगावले, ऑक्टोबरात टेक्सासला टोनी रोपर, आणि 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट. दिसायला तो अपघात किरकोळ होता, पण डोकं पुढे फेकलं जाऊन कवटीचा तळ मोडला. त्यानंतर डोकं-मान धरून ठेवणारी पट्ट्यांची यंत्रणा सक्तीची झाली आणि 2002 पासून भिंतींपुढे आदळा शोषणारी दुसरी भिंत उभी राहू लागली. कपमध्ये त्यानंतर शर्यतीत कुणी ड्रायव्हर दगावलेला नाही. म्हणून हा खेळ कमी झाला का? जे धोक्यावरून याला खेळ ठरवतात त्यांना मी हाच प्रश्न विचारतो.

आता दुसरी बाजू, आणि ही माझी खरी तक्रार. नॅस्कारच्या खेळपणाला धक्का ड्रायव्हर बसून असतो म्हणून लागत नाही. चालवणारे लोक कधी कधी त्याचा तमाशा करतात म्हणून लागतो. 2014 मध्ये आणलेल्या बाद फेऱ्यांच्या पद्धतीत वर्षभराची कमाई शेवटी एका शर्यतीवर यायची. डेटोना आणि टॅलाडेगाला वेग मुद्दाम आवळलेला असतो. 1987 मध्ये टॅलाडेगाला पात्रता फेरीत बिल इलियटने ताशी 212.809 मैलांचा, म्हणजे 342 किलोमीटरचा वेग काढला आणि त्याच शर्यतीत बॉबी अॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीत गेली. त्यानंतर इंजिनाचा श्वास कोंडणं भागच होतं. पण त्यामुळे सगळे एका घोळक्यात अडकतात. अलीकडे तर तिथे पेट्रोल वाचवायला पुढचे लोक अर्धा अॅक्सिलरेटर दाबून चालतात, आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत कुणाच्या चुकीने कोण आपटेल याचा नेम नाही. त्या दोन ट्रॅकवर विजय म्हणजे निम्मी लॉटरी, असं मी खासगीत म्हणतो. इथे लिहूनही टाकलं.

2013 ला रिचमंडला याहून वाईट घडलं. शर्यत संपायला थोड्या फेऱ्या उरलेल्या असताना क्लिंट बोयरची गाडी गरकन फिरली, पिवळा झेंडा पडला, म्हणजे सगळ्यांना वेग कमी करावा लागला, आणि त्यातून शेवटी त्याच्या टीममधल्या मार्टिन ट्रुएक्सला पुढच्या टप्प्यात जागा मिळाली. फिरण्याआधी रेडिओवर हाताला खाज सुटल्याच्या गप्पा चालल्या होत्या. नॅस्कारने टीमला तीन लाख डॉलर दंड केला, ट्रुएक्सला काढलं आणि जेफ गॉर्डनला तेरावा म्हणून आत घेतलं. माझा एक मित्र तेव्हा म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो, सगळं ठरवून असतं. मला उलटं दिसलं. कुस्तीच्या नावाखाली टीव्हीवर जे चालतं तिथे कुणी असं करून पकडला जात नाही, दंडही होत नाही. आपणही 2000 साली क्रिकेटमधलं फिक्सिंग बघितलं, आणि हळहळलो ते क्रिकेट हा खेळ होता म्हणूनच.

भारतात या प्रश्नाचं सरकारी उत्तरही गमतीदार आहे. 2011 मध्ये नोएडाजवळ फॉर्म्युला वन आली तेव्हा हा खेळ की करमणूक यावरून करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने तिकीटविक्रीतले 25 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले. 2019 मध्ये रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. आठ वर्षांत करमणुकीचे खेळाडू झाले म्हणायचे. मराठीत खरं तर ही अडचणच नव्हती. आपला ‘खेळ’ शब्द मोठा आहे, त्यात बुद्धिबळ बसतं, मर्दानी खेळ बसतात, डोंबाऱ्याची दोरीही बसते. आणि बैलगाडा पळवणाऱ्याला ‘पळतो तर बैल, तुझं काय?’ असं विचारायची हिंमत आमच्या भागात तरी कुणी करणार नाही.

राहता राहिला तो व्हिडिओ, जो बहुतेकांनी व्हॉट्सअॅपवर बघितलेला असतो. 30 ऑक्टोबर 2022, मार्टिन्सव्हिल, शेवटची फेरी. रॉस चॅस्टेन दहावा होता आणि विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांत यायला त्याला दोन जागा कमी पडत होत्या. त्याने गिअर टाकला, गाडी भिंतीला टेकवली आणि अॅक्सिलरेटर न सोडता भिंतीच्या आधाराने संपूर्ण वळण काढलं. फेरी 18.845 सेकंदांची, त्या ट्रॅकवर स्टॉक कारने तोवर काढलेली सगळ्यात जलद. पाचवा आला, डेनी हॅमलिन बाहेर गेला. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये हा प्रकार चालायचा, असं त्याने नंतर सांगितलं. लोक मला हा व्हिडिओ पाठवून लिहितात, बघा, कसब कुठे लागतं, व्हिडिओ गेमच आहे. त्यांना मी एवढंच लिहितो की त्या फेरीत टायरचा संबंधच नव्हता, पकड भिंतीने पुरवली, म्हणून ती एवढी वेगळी दिसते. पुढच्या मोसमात नॅस्कारने सांगून टाकलं की असं पुन्हा केलं तर दंड. मला तो निर्णय आवडला. पण ती फेरी मी किती वेळा बघितलीय ते विचारू नका.

तुम्हाला खरंच पारखून बघायचं असेल तर एक करा. डेटोना नको, मार्टिन्सव्हिल किंवा डार्लिंग्टनची शर्यत लावा. आवाज बंद. पहिल्या गाडीकडे बघू नका, कॅमेऱ्यात वारंवार येणारी बाराव्या-पंधराव्या नंबरची एखादी गाडी धरा आणि ताजी टायर लावून ती निघाली की तीस फेऱ्या फक्त तिच्याकडे बघा. वळणात शिरताना तिचं नाक कुठे खाली जातं, दहाव्या फेरीत कुठे आणि पंचविसाव्या फेरीत कुठे. ती जागा हळूहळू अलीकडे सरकत येईल. शेजारच्या गाडीची त्याहून लवकर सरकली असेल तर पुढच्या पाच फेऱ्यांत तुमची गाडी तिला ओलांडेल, आणि ते ओलांडणं समालोचकाच्या आधी तुम्हाला दिसेल.